बटण दिसतं, पण ऐकू येतं का?

जाफराबादच्या माझ्या मामांना दिसत नाही. 'एनव्हीडीए' हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून ते कॉम्प्युटर वापरतात. दिवाळीत त्यांना माझ्या प्रोजेक्टचा फॉर्म भरायला दिला. टॅब दाबत ते शेवटपर्यंत गेले नि म्हणाले, "बाळा, 'पाठवा' कुठंय?" बटण होतं, पण 'डिव्ह'ला रंग देऊन केलेलं! टॅब तिथं थांबतच नाही.

मग 'पॅटर्नफ्लाय' घेतलं. पुण्यातही ऑफिस असलेल्या रेड हॅट कंपनीने सुरू केलेली ही ओपन सोर्स लायब्ररी. बटण, फॉर्म, टेबल तयार मिळतात. तिचं बटण म्हणजे एचटीएमएलचं खरं 'बटन'. त्यामुळे टॅब थांबतो, एंटर चालतं आणि रीडर नाव वाचतो.

तरी दोन कामं आपलीच. नुसतं चित्र असलेल्या बटणाला 'एरिया-लेबल'मध्ये नाव द्यायचं. आणि कॉलेजचा रंग चढवताना साध्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवायचा. हा 'डब्ल्यूसीएजी'चा डबल-ए पातळीचा नियम आहे.

सबमिशनच्या आदल्या रात्री माउस बाजूला ठेवा नि पान फक्त कीबोर्डवर चालवून बघा. परवा मामांनी फॉर्म एकट्याने भरला. फोनवर एवढंच विचारलं, "पोचला का गं?"