दिल्लीचा लाल किल्ला

मुलांनो, दिल्लीला गेलात तर काय पाहाल? कुतुबमिनार पाहालच. तो सुमारे ७३ मीटर उंच आहे. पण १९८१ च्या दुर्घटनेनंतर आत चढू देत नाहीत. खालूनच मान वर करून पाहायचा! मग लाल किल्ल्यात जा आणि तेथे मात्र घाई करू नका.

बादशहा शाहजहानने १६३९ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. लाहोरी दरवाजातून आत शिरलात, की छत्ता बाजार लागतो. पुढे दिवाण-इ-आम आणि त्यामागे संगमरवरी दिवाण-इ-खास. येथे थोडे थांबा. बादशहाचे मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये लुटून नेले. या दालनाचे छत चांदीने मढवलेले होते. ती चांदी कोणी काढली, ठाऊक आहे? १७६० मध्ये, सैन्याच्या खर्चासाठी, आपल्या सदाशिवरावभाऊंनी!

१८५७ च्या उठावात इंग्रजांनी बहादूरशहा जफर यांना हुमायूनच्या मकबऱ्यात पकडले. पुढच्या वर्षी याच दिवाण-इ-खासमध्ये त्यांच्यावर खटला चालवला. बादशहा स्वतःच्याच महालात आरोपी! त्यांना रंगूनला पाठवले. उर्दूत गझला लिहिणारा हा कवी तेथेच १८६२ मध्ये वारला.

१९४५ मध्ये इंग्रजांनी याच किल्ल्यात आणखी एक खटला भरला. आरोपी होते आझाद हिंद फौजेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ. देशभर लोक इतके खवळले, की शिक्षा झाल्यावरही तिघांना सोडून द्यावे लागले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी याच किल्ल्याच्या तटावर तिरंगा फडकवला.