टॅब्लेटमधील कोठार आणि भाड्याची वखार

जून महिना उजाडला, कीं प्रवेशाच्या गर्दीबरोबर एक प्रश्न दरवर्षीं आमच्यापुढें येऊन उभा राहतो. पालक फीची पावती खिशांत घालतात, दाराशीं क्षणभर घोटाळतात आणि मग विचारतात, "सर, पोरासाठीं टॅब घ्यायचा आहे. एकशें अठ्ठावीसचा घेऊं, कीं दोनशें छप्पन्नचा? दुकानदार म्हणतो मोठा घ्या. भाचा म्हणतो लहान घ्या, बाकीचें सगळें क्लाउडवर ठेवतां येतें." या प्रश्नाचें उत्तर उभ्या उभ्या देतां येत नाहीं, आणि दिलें तर तें बहुधा चुकतें. म्हणून या अंकांत तें थोडें सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तसें करण्यास गेल्या वर्षीं घडलेली एक गोष्टही कारण झाली. ती पुढें ओघानें येईल.

प्रथम विकत मिळणारी ही वस्तु काय आहे तें पाहूं. टॅब्लेटच्या पोटांत नखाएवढी एक चिप असते. तिच्यांत कोट्यवधि सूक्ष्म कप्पे असून प्रत्येक कप्प्यांत विद्युद्भार कोंडलेला असतो. त्या भाराच्या कमी-अधिक प्रमाणावरून यंत्र अंक ओळखतें, आणि वीज बंद केली तरी भार जागच्या जागीं राहतो. हिला फ्लॅश स्मृति म्हणतात. जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनीं ती १९८४ सालीं जगापुढें मांडली. तत्पूर्वीं काय होतें, हें मुलांस ऐकून मौज वाटेल. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें फिरत्या चकत्यांचें पहिलें कोठार बाजारांत आणिलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्याचें वजन जवळजवळ एक टन होतें, आणि त्यांत मावत होतीं अवघीं ५० लाख अक्षरें. आजच्या टॅब्लेटनें काढलेल्या एखाद-दुसऱ्या छायाचित्रानें तें भरून गेलें असतें.

असो. ग्राहकाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी, कीं ही चिप आंतील पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. घरांतील कणगी लहान पडली तर शेजारीं दुसरी ठेवतां येते. येथें तसें नाहीं. दुकानांत पांच मिनिटांत घेतलेला निर्णय टॅब्लेटच्या अंतापर्यंत टिकतो. पुष्कळ अँड्रॉइड टॅब्लेटांना मायक्रोएसडी कार्ड घालण्याची खांच असते, आणि ती असल्यास छायाचित्रें व पुस्तकें कार्डावर ठेवून बराच निभाव लागतो. मात्र बहुतेक ॲप मूळ चिपवरच राहतात. आयपॅडला अशी खांच मुळींच नाहीं. कार्ड घेतांना तें ओळखीच्या दुकानांतून, पावती करून घ्यावें. कारण वर ५१२ छापलेलीं आणि आंत ३२ देखील नसलेलीं बनावट कार्डें रस्त्यावर स्वस्त मिळतात. तीं भरेपर्यंत नीट चालतात, आणि भरल्यावर आधींच्या वस्तूंवर नव्या वस्तु लिहूं लागतात.

डब्यावर छापलेली सर्वच जागा आपल्या वाट्याला येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. यंत्र चालविणारी मूळ आज्ञावली आणि तिच्याबरोबर येणारे ॲप यांतच दहा-वीस जीबी खर्ची पडतात. याखेरीज कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, आणि विंडोजचा संगणक १०२४ च्या पटीनें. त्यामुळें १२८ जीबीची वस्तु त्याच्यावर ११९ दिसते. यांत लबाडी नाहीं, केवळ मापें दोन आहेत.

आतां विद्यार्थ्यास जागा लागते किती? बालभारतीचें एखादें पाठ्यपुस्तक पीडीएफ स्वरूपांत बहुधा दहा-वीस एमबींचें असतें. दहा पुस्तकें घेतलीं तरी २०० एमबी, म्हणजे एका जीबीचा पांचवा हिस्सा. टिपणें, निबंध, गणिताच्या वहीचीं पानें यांची तर गणनाच नको. एक छायाचित्र सरासरी तीन एमबींचें धरल्यास पांच हजार छायाचित्रांस १५ जीबी लागतात. खरा खादाड निराळाच आहे, आणि तो म्हणजे चलच्चित्र. ॲपल कंपनी आपल्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें देते तो हिशेब असा: १०८० च्या दर्जाचें एक मिनिटाचें चित्रण नव्या पद्धतीनें सांठविल्यास ६० एमबी आणि जुन्या पद्धतीनें १३० एमबी घेतें, ४के दर्जाचें नव्या पद्धतीनेंही १७० एमबी घेतें. दोन तासांचें स्नेहसंमेलन या हिशेबांतील सर्वांत काटकसरीच्या रीतीनें टिपलें तरी सात जीबींहून अधिक झालें. याच्या उलट, नुसत्या आवाजाचें तासभराचें मुद्रण ३० ते ६० एमबींत भागतें. तात्पर्य, अभ्यासानें टॅब्लेट भरत नाहीं. जागा अपुरी पडते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाच्या टॅब्लेटमध्यें आम्ही डोकावतों, तेव्हां तेथें बहुधा खेळ, चित्रपट आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या सुप्रभाताच्या फुलांची रास सांपडते.

क्लाउड या शब्दाचा अर्थ मेघ; पण मेघाशीं त्या वस्तूचा कांहीं संबंध नाहीं. ती एक वखार आहे. दगड-विटांच्या इमारतींत रांगेनें मांडलेलीं यंत्रें, त्यांना अहोरात्र लागणारी वीज आणि त्यांस थंड ठेवणारी हवा, असें तिचें रूप आहे. आपल्या प्रांतांतही अशा वखारी आहेत: मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें व मुंबई येथें, ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईसच त्या उघडल्या. अर्थात् आपण पाठविलेलें छायाचित्र तेथेंच जाईल असें नव्हे. तें कोठें ठेवावें हें कंपनी ठरविते.

वखारींत थोडी जागा फुकट मिळते. गूगल १५ जीबी देतें, पण त्यांत टपाल, कागदपत्रें व छायाचित्रें सर्व आलीं. ॲपल ५ जीबी देतें, आणि २०११ सालापासून तो आंकडा वाढलेला नाहीं. फुकटाच्या अटी देणाऱ्याच्या हातीं असतात. गूगलकडे एका ठराविक दर्जाचीं छायाचित्रें पूर्वीं अमर्याद ठेवतां येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. दोन वर्षें न उघडलेलें खातें काढून टाकण्याचा अधिकारही त्या कंपनीनें राखून ठेविला आहे. दहावीनंतर आपलें खातें विसरून जाणाऱ्या मुलांनीं एवढें वाक्य अधोरेखित करावें.

अधिक जागा हवी तर भाडें द्यावें लागतें. येथें थोडा त्रैराशिकाचा उपयोग करूं. २०२५ च्या मार्च महिन्यांत आलेल्या साध्या आयपॅडची १२८ जीबीची किंमत ३४,९०० रुपये आणि २५६ जीबीची ४४,९०० रुपये अशी जाहीर झाली होती. फरक दहा हजारांचा. समजा, १०० जीबीच्या वखारीचें भाडें दरमहा १३० रुपये आहे. वर्षाचे झाले १,५६०; म्हणजे दहा हजारांत जवळजवळ साडेसहा वर्षांचें भाडें निघतें. एवढ्यावरून भाच्याचें म्हणणें खरें ठरलें असें कोणी म्हणेल. पण भाडें कधीं थांबत नाहीं, तें वाढूं शकतें, आणि वखारीचा रस्ता जर चिखलाचा असेल तर माल नेणें-आणणें कठीण होतें. सात जीबींचें तें स्नेहसंमेलन सेकंदाला पांच मेगाबिट या गतीनें वर चढवावयास तीन तासांहून अधिक लागतील. आणि दिवसाला दीड जीबीची मर्यादा असलेल्या मोबाइल योजनेवर पांच दिवस. आमच्या वसतिगृहांतील मुलें ज्या गांवांतून येतात, त्यांपैकीं कांहींत तर पावसाळ्यांत टॉवरच झोपी जातो. अशा घरीं क्लाउडच्या भरंवशावर लहान टॅब्लेट घेणें म्हणजे ओढ्यापलीकडे धान्य ठेवून पुराची वाट पाहणें होय.

तथापि ही सर्व तुलना एका चुकीच्या समजुतीवर उभी आहे, आणि ती समजूत दुकानदाराची, भाच्याची व कांहीं अंशीं आमचीही होती. कोठार आणि वखार हीं एकाच कामाचीं दोन साधनें नाहींत. कोठार मोठें घेतल्यानें जागा वाढते, परंतु वस्तूची प्रत एकच राहते. टॅब्लेट विहिरींत पडला तर ६४ जीबी बुडाले काय आणि २५६ बुडाले काय! वखारींत आपण खरोखर विकत घेतों तें दुसऱ्या ठिकाणचें अस्तित्व. लूककृत शुभवर्तमानांतील, जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणारा धनवान गृहस्थ आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याची चूक कोठारांच्या मापांत नव्हती.

आतां ती गोष्ट. गेल्या वर्षीं नववींतील आमच्या एका विद्यार्थ्यानें इतिहासाच्या प्रकल्पासाठीं दिवाळीच्या सुटींत आपल्या आजीपुढें टॅब्लेट ठेवून तिला १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी विचारल्या. रोजगाराच्या कामावर फोडलेली खडी, तेथें मिळणारी सुकडी, दावणीचे विकलेले बैल, हें सर्व आजीनें तीन बैठकांत मिळून दोन तास सांगितलें. मुलानें त्यांतून चार पानें लिहिलीं, आणि आम्हीं त्यांस चांगले गुण दिले. पुढें फेब्रुवारींत स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पडद्यावर जागा संपल्याची सूचना आली. मुलानें पाहिलें, कीं आजीचीं चित्रणें क्लाउडवरही दिसत आहेत; तेव्हां टॅब्लेटवरचीं काढण्यास हरकत नाहीं असें समजून त्यानें तीं काढलीं. यंत्रानें प्रश्न विचारला, त्यास 'होय' म्हटलें. तरीही जागा होईना, म्हणून कचऱ्याची पेटीही रिकामी केली. मे महिन्यांत आजी वारली. घरच्या मंडळींनीं तिचा आवाज ऐकावयास मागितला, तेव्हां दोन्ही ठिकाणीं कांहीं उरलें नव्हतें.

असें कां झालें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें नीट समजून घ्यावें. क्लाउडवर जें दिसतें तें पुष्कळदां दुसरी प्रत नसून प्रतिबिंब असतें. टॅब्लेट व वखार यांत सदैव मेळ राखण्याची व्यवस्था चालू असल्यास, एका ठिकाणीं पुसलेलें दुसरीकडेही पुसलें जातें. चेहरा आरशापुढून दूर केला कीं आरसा रिकामा होतो, तसेंच हें. नुसती टॅब्लेटवरची जागा मोकळी करावयाची असेल, तर त्यासाठीं निराळी आज्ञा असते: गूगलच्या छायाचित्रांच्या ॲपमध्यें 'फ्री अप स्पेस', आणि आयपॅडवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज'. 'डिलीट' ही ती आज्ञा नव्हे. पुसलेली वस्तु कांहीं काळ कचऱ्याच्या पेटींत राहते, ॲपलकडे सुमारें ३० दिवस आणि गूगलकडे वखारींत पोंचलेली असल्यास ६० दिवस. पण पेटी आपल्याच हातानें रिकामी केली तर ती मुदतही संपते. चूक मुलाची म्हणावयाची, तर ती आमचीही म्हणावी लागेल. प्रकल्प कसा लिहावा हें आम्हीं शिकविलें होतें. मूळ साधनें कशीं जपावीं, हें शिकविलें नव्हतें.

मोठ्या मंडळींच्या हातूनही हें घडतें. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीची एक वखार आगींत जळाली, आणि ज्या ग्राहकांनीं अन्यत्र प्रत ठेविली नव्हती त्यांचें सर्वस्व गेलें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांत देजॉन येथील सरकारी केंद्रास आग लागली. तींत सरकारी नोकरांचीं कागदपत्रें असलेला ८५८ टेराबाइटांचा सांठा नष्ट झाला, कारण बाहेर त्याची प्रतच नव्हती.

तेव्हां दाराशीं उभ्या असलेल्या पालकांस आमचें उत्तर असें. शाळेच्या कामास १२८ जीबी पुरे होतात. कार्डाची खांच असेल तर ६४ देखील चालतील. ज्या मुलास चित्रपट-संपादनाचा खरा नाद आहे, किंवा ज्याच्या गांवीं इंटरनेटचा पत्ता नाहीं, त्यानेंच २५६ चा विचार करावा. वांचलेल्या दहा हजारांपैकीं हजारभर रुपयांत एक बरा पेनड्राइव्ह येतो. २०१९ पासून आयपॅडलाही तो जोडतां येतो. त्यावर, पुन्हां मिळणार नाहीं एवढेंच ठेवावें. चित्रपट पुन्हां मिळतो, पाठ्यपुस्तक पुन्हां मिळतें, खेळही मिळतो. उरलेली यादी आश्चर्य वाटावें इतकी लहान निघते आणि बहुधा फुकटच्या १५ जीबींतही मावते; न मावल्यास मग भाड्याची गोष्ट. पेनड्राइव्ह कपाटांत कायमचा टाकून मात्र ठेवूं नये, कारण फ्लॅशच्या कप्प्यांतील भार वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास हळूहळू झिरपतो. दर सहामाहीस तो उघडून आंतील वस्तु खरोखर चालतात कीं नाहीं हें पाहावें.

त्या विद्यार्थ्याच्या आत्यानें पुढें आपला फोन धुंडाळला. दिवाळींत भाच्यानें कौतुकानें व्हॉट्सॲपवर पाठविलेला एक मिनिटाचा तुकडा त्यांत सांपडला. तो आतां आत्याच्या फोनवर, शाळेच्या संगणकावर आणि मुलाच्या पेनड्राइव्हवर, असा तीन ठिकाणीं आहे. त्यांत आजी विकलेल्या बैलांचीं नांवें सांगत आहे. दुसऱ्या बैलाच्या नांवापाशीं तुकडा संपतो.