किमान वेतन आणि परदेशी श्रमिक : सायपानचे उदाहरण

१९७६ च्या करारान्वये पॅसिफिक महासागरातील उत्तर मारियाना बेटे अमेरिकेशी जोडली गेली. मात्र किमान वेतन व परदेशी श्रमिकांचा प्रवेश हे विषय स्थानिक शासनाकडेच राहिले. तेथील माल अमेरिकेत जकातीवाचून जाई. साहजिकच सायपान बेटावर तयार कपड्यांचे कारखाने निघाले. तेथे कर्ज काढून आलेल्या अनेक चिनी स्त्रिया तासाला ३.०५ डॉलर वेतनावर राबत. स्थानिकांचा ओढा सरकारी नोकरीकडे असे. २००५ मध्ये इतर देशांच्या कापडावरील कोट्याचे बंधन उठले, २००७ पासून अमेरिकी कायद्यानुसार वेतन टप्प्याटप्प्याने वाढू लागले आणि २००९ मध्ये अखेरचा कारखाना बंद पडला. तेव्हा दोष एकट्या वेतनवाढीचा नव्हे. सवलतींवर उभा राहिलेला उद्योग सवलतींबरोबरच ओसरतो.