ऑक्सिजन सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

नवा सेन्सर बसवला, दिवा विझला आणि काही दिवसांत चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला, तर लगेच दुसरा सेन्सर मागवू नका. कोडमध्ये सेन्सरचे नाव असले तरी दोष वायरिंगमध्ये, सायलेन्सरच्या पाइपात किंवा इंधनात असू शकतो. परभणी जिल्ह्यात तर वायरिंग आधी बघावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटून वाळतो आणि कपलरमध्ये ओल धरतो. सोयाबीन-कापूस शेडमध्ये आला की तिथेच उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात.

स्कॅनर लावल्यावर कोड लगेच पुसू नका. आधी कोड आणि ‘फ्रीज फ्रेम’ लिहून घ्या: दोष नोंदला गेला तेव्हा इंजिनचे तापमान, आरपीएम आणि वेग किती होता. थंड इंजिनावर, सुरू केल्या केल्या दोष येत असेल तर सेन्सरच्या हीटरवर संशय घ्या; गाडी रस्त्यावर वेगात असताना येत असेल तर हवा-इंधनाच्या मिश्रणावर. पी०१३५ हा पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड, पी०१४१ मागच्याचा. पी०१७१ मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. तो सेन्सरच्या बिघाडाचा कोड नाही.

हीटरचा कोड असेल तर प्रथम फ्यूज पाहा. मग इंजिन पूर्ण थंड असताना कपलर सोडा, पिना हिरवट झाल्या आहेत का ते बघा आणि सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन तारांमध्ये (बहुतेकदा एकाच रंगाच्या असतात) मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. तो काही ओहम असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हीटरची आतली तार तुटलेली निघाली तर सेन्सर गेला. रेझिस्टन्स बरोबर आला तर इंजिन चालू करून वायरिंगच्या बाजूला १२ व्होल्टच्या आसपास येतात का आणि अर्थिंग नीट आहे का ते तपासा. कपलर पुन्हा जोडून, स्कॅनरवर नजर ठेवत, गरम पाइपापासून हात लांब ठेवून वायर हलवा. आकड्याने उडी मारली की जागा सापडली. येणारा-जाणारा दोष बहुधा इथेच सापडतो, म्हणून या पायरीत घाई करू नये.

मग गळती शोधा. सेन्सरच्या आधी पाइपाला किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. सकाळी थंड इंजिन उघड्यावर सुरू करून सायलेन्सरचे मागचे टोक क्षणभर जाड कापडाने दाबा. फुसफुस कुठून येते ते ऐका, काजळीचे डाग बघा.

पुढे लाइव्ह डेटा. पुढचा, चार तारांचा साधा सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की वर, सोडला की खाली जायला हवा. तो जागचा हललाच नाही, तर सेन्सरवर शिक्का मारा. पाच-सहा तारांच्या वाइडबँड सेन्सरला मात्र हे आकडे लागू नाहीत. त्याचबरोबर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघा. आयडलवर ती १० टक्क्यांहून वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर व्हॅक्यूम गळती. वेगाबरोबर वाढत असेल तर पंप, फिल्टर. ई२० पेट्रोलसाठी न बनलेल्या जुन्या गाडीत ट्रिम थोडी वर दिसणे स्वाभाविक आहे.

काढलेल्या सेन्सरचे टोकही वाचा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड; पांढरी भुकटी म्हणजे सिलिकॉनची गॅस्केट पेस्ट किंवा कूलंट जळते आहे. तो दोष काढल्याशिवाय नवा सेन्सर बसवला तर त्याचीही तीच गत होईल.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि परभणी–जिंतूर अशी एक फेरी मारा, थोडी गावात, थोडी सलग वेगात. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा तपासा. सेन्सरच्या सर्व चाचण्या ‘पूर्ण’ दिसल्या आणि पेंडिंग कोड रिकामे असले, तरच गॅरेजचे बिल चुकते करा.