पाळणा लांबविण्याची साधने : निवड जाणतेपणाने व्हावी

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरील बिडकीन हे पैठण तालुक्यातील मोठे गाव. येथील औद्योगिक क्षेत्राचे राष्ट्रार्पण सप्टेंबर 2024 मध्ये झाले. शेतीवर जगणारी जुनी घरे आणि रोजगारासाठी येणारी तरुण जोडपी अशा दोहोंचा विचार अशा गावातील आरोग्यसेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांना करावा लागतो. नवविवाहितेची गरज वेगळी, अंगावर दूध पिणारे मूल असलेल्या मातेची वेगळी आणि कुटुंब पूर्ण झालेल्या जोडप्याची आणखी वेगळी. सर्वांना एकच उपाय सांगणे म्हणजे कुटुंब नियोजन नव्हे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लोकशिक्षण केले. समाजाचा रोष पत्करून त्यांनी हे कार्य अखेरपर्यंत चालविले. शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला. पुढे 1976 मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक राज्य विधिमंडळाने संमत केले. मात्र राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीतील सक्तीमुळे लोकांच्या मनात भीती बसली व कार्यक्रमाची मोठी हानी झाली. उद्दिष्टाच्या आकड्यासाठी माणूस नसून माणसासाठी कार्यक्रम आहे, हा त्या काळाचा धडा होय.

तात्पुरती साधने

निरोध हे पुरुषांनी वापरावयाचे साधन. गर्भधारणेबरोबरच लैंगिक संसर्गापासूनही ते संरक्षण देते. हा दुहेरी लाभ पुढील कोणत्याही साधनात नाही. मात्र प्रत्येक वेळी ते योग्य रीतीने वापरले पाहिजे.

‘माला-एन’ गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात : 21 संप्रेरकाच्या व 7 लोहाच्या. रोज एक, न चुकता. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेने, तसेच उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीने या गोळ्या घेऊ नयेत. ‘छाया’ ही गोळी संप्रेरकविरहित असून लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तिचा शोध लागला. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. स्तनदा मातेलाही ती चालते.

‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पाळी अनियमित होणे अथवा थांबणे हा त्याचा परिणाम असतो. तो आधीच समजावून सांगितला नाही, तर स्त्री घाबरून पुढील मात्रा टाळते. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भ राहण्यास काही महिने लागू शकतात, हेही सांगावे.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, प्रकारानुसार 5 किंवा 10 वर्षे काम देते व हवी तेव्हा काढून घेता येते. प्रसूतीनंतर 48 तासांच्या आतही ती बसविता येते. आरंभी पाळीत रक्तस्राव व पोटदुखी वाढू शकते. परंतु तांबी पोटात फिरते, ही समजूत निराधार आहे.

असुरक्षित संबंध घडल्यास तातडीची गोळी 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. ती नित्याचे साधन नव्हे.

कायमची शस्त्रक्रिया

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते. पुरुषार्थ वा कष्ट करण्याची शक्ती तिने कमी होत नाही. तिचा परिणाम लगेच होत नसल्याने पहिले तीन महिने निरोध वापरावा व नंतर वीर्यतपासणी करून घ्यावी. स्त्रीची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागत असल्याने तुलनेने अधिक अवघड आहे. असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली; पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे 0.3 टक्के होते. कुटुंब दोघांचे, भार मात्र एकीचा, असे हे चित्र आहे. शस्त्रक्रिया कायमची मानूनच निर्णय घ्यावा. संमती शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीची स्वतःची हवी. पतीची सही त्यासाठी आवश्यक नाही.

गावाने काय करावे?

साधन सुचविण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : पुढे मूल हवे काय व केव्हा? माता अंगावर पाजते काय? रक्तदाब वा अन्य आजार आहे काय? रोजची आठवण ठेवणे जमेल काय? उत्तरांवरून पर्याय आपोआप निवळतात. अंतिम तपासणी व सल्ला डॉक्टरांचा. आरोग्यसेविकेने ही विचारपूस एकांतात करावी. सासूसमोर सून मोकळेपणी बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

पंचायतीने आरोग्य केंद्रात सर्व साधनांचा साठा असल्याची खातरजमा करावी आणि पुरुषांच्या सभेतही हा विषय निघेल असे पाहावे. शिक्षकांनी पालकसभेत गैरसमज दूर करावेत. साधन निवडल्यानंतर त्रास झाल्यास कोणाकडे जावयाचे, हे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असले पाहिजे, आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे, हेही. पाळणा केव्हा हलावा, हे ज्या घरात तो हलणार त्या घरानेच समजून उमजून ठरवावे.