पऱ्हाटीची भिंत



या वेळचा धडा थोडा शब्दांचा आणि थोडा विज्ञानाचा आहे. आई-बाबांनी तो मुलांबरोबर बसून वाचावा. काही शब्द आजी-आजोबांना विचारावे लागतील.

पीक काढल्यावर जे उरते त्याला पुस्तकात 'शेतीतला टाकाऊ माल' म्हणतात. शेतकऱ्याकडे मात्र प्रत्येक वस्तूला वेगळे नाव आहे. आधी ही नावे शिकूया.

चिपाड : रस काढून उरलेला ऊस
पाचट : उसाची वाळलेली पाने
कडबा : ज्वारीची वाळलेली ताटे
पेंढा : भाताच्या वाळलेल्या काड्या
तूस : भाताचे टरफल
तुराटी : तुरीच्या वाळलेल्या काटक्या
पऱ्हाटी : कापूस वेचून झाल्यावर उरलेले कपाशीचे झाड

नावे वेगळी, कारण कामे वेगळी. कडबा गुरे खातात. पेंढ्याने छप्पर शाकारतात. पाचट शेतात पसरले तर जमिनीत ओल टिकते. तुराटी आणि पऱ्हाटी चुलीत घालतात. याच काटक्या उभ्या बांधून त्यांवर माती आणि शेण लिंपले की घराची भिंत तयार होते. तिला कूड म्हणतात. कोकणात कूड कारवीच्या काठ्यांचा असतो, विदर्भात पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा.

आता कारखान्यात तयार होणारा कूड पाहू.

मुंबईत माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी एक सरकारी संस्था आहे. तिची प्रयोगशाळा १९२४ साली सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुग्याचे तक्ते, बनवण्याची रीत बसवली. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची कडेची पट्टी निघाली असेल तर आत दाबलेला लाकडाचा भुगा दिसेल. तसाच हा तक्ता, फक्त त्यासाठी जंगलातले झाड तोडावे लागत नाही.

रीत अशी. पऱ्हाटी उपटून वाळवतात आणि यंत्रात तिचे तुकडे करतात. ते चाळून जाड आणि बारीक असे वेगळे करतात. त्यांना डिंकासारखे चिकट रसायन लावतात. मग खाली बारीक, मधे जाड आणि वर पुन्हा बारीक असा थर रचून तापलेल्या दाबयंत्रात दाबतात. उष्णतेने चिकट रसायन घट्ट होते आणि तक्ता तयार होतो. खोलीतले आडोसे, छताखालचे छत, दारे आणि कपाटे यांना तो चालतो. पाणी लागले तर मात्र फुगतो, म्हणून तो घराच्या आतच वापरायचा.

शेतकऱ्याचा यात आणखी एक फायदा आहे. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या पिकावर येते. म्हणून हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात ठेवू नये असे सांगतात. पुष्कळ जण ती बांधावरच जाळतात. जाळण्यापेक्षा विकली तर धूर टळतो आणि चार पैसेही मिळतात.

ही कल्पना फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९२० च्या दशकापासून उसाच्या चिपाडाचे तक्ते बनत. स्वीडनमध्ये १९३५ साली असे दिसून आले की गव्हाचे काड तापवून जोराने दाबले तर डिंकाशिवायच एकमेकांना धरून राहते. पुढे इंग्लंडमध्ये असे तक्ते जाड कागदात गुंडाळून भिंतींसाठी विकले गेले.

मग सगळी घरे अशीच का बांधत नाहीत? आम्हाला तीन अडचणी दिसतात. पऱ्हाटी हलकी पण फोफशी असते. ट्रक भरतो, वजन भरत नाही आणि भाडे महाग पडते. म्हणून तिचे तुकडे गावातच करावे लागतात. दुसरे, स्वस्त चिकट रसायनातून बहुधा फॉर्माल्डिहाइड वायू थोडा थोडा सुटतो. तो जास्त झाला तर डोळे चुरचुरतात. म्हणून तक्ता कशाचा आहे एवढेच न विचारता तो कशाने चिकटवला आहे हेही विचारावे.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत मोठी वाटते. ज्या घरात अजून चूल पेटते, तिथली बाई शेतातून पऱ्हाटीची मोळी फुकट आणते. उद्या कारखाना ती विकत घेऊ लागला तर तिने सरपण कुठून आणायचे? शेतमालकाला पैसे मिळतील, पण मोळी आणणारीला शेतच नसेल. तेव्हा एखादी वस्तू 'टाकाऊ' म्हणण्याआधी ती कोणाच्या उपयोगी पडते आहे हे पाहायला हवे.

स्वाध्याय

१. कूड म्हणजे काय? तो कशाकशाचा करतात?
२. पऱ्हाटी शेतात ठेवू नये असे का सांगतात?
३. 'शाकारणे', 'लिंपणे' आणि 'वेचणे' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : तुमच्या गावात कडबा, तूस आणि चिपाड यांचे काय करत? उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा. गावाचे नाव लिहायला विसरू नका.