दिवाबत्तीच्या वेळा आणि टायमर

गावातील रस्त्यांवर दिवाबत्तीची सोय करणे हे ग्रामपंचायतीच्या प्रमुख कर्तव्यांपैकी एक होय. पूर्वी हे दिवे सायंकाळी हाताने लावावे लागत व सकाळी हातानेच बंद करावे लागत. आता अनेक गावांत हे काम टायमरकडे सोपविण्यात आले आहे. तथापि, साधा टायमर सांगितलेली वेळ तेवढी पाळतो. ऋतू बदलल्याचे त्यास कळत नाही. म्हणून दिवे सुरू व बंद होण्याच्या वेळा ठरविण्याची जबाबदारी माणसावरच राहते.

ऋतुमान आणि स्थान

मुंबईत २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सायंकाळी ६ वाजून ५ मिनिटांच्या आसपास मावळतो, तर २१ जूनच्या सुमारास तो ७ वाजून १८ मिनिटांपर्यंत क्षितिजावर असतो. सूर्योदयाच्या वेळेतही या दोन दिवसांत सुमारे एक तासाचा फरक पडतो. जूनमध्ये लावलेली वेळ तशीच ठेवल्यास हिवाळ्यात शेतावरून परतणाऱ्या स्त्रिया व शाळेतून येणारी मुले यांना तासाभराहून अधिक काळ अंधारातून वाट काढावी लागते. उलटपक्षी, डिसेंबरची वेळ जूनमध्ये कायम राहिल्यास दिवे दररोज दोन तासांहून अधिक काळ विनाकारण जळतात. २० वॅटचे ६० दिवे असलेल्या गावात केवळ दोन तास धरले, तरी महिन्याला ७२ युनिट वीज वाया जाते.

स्थानाचाही विचार करावा लागतो. पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. नागपूर हे मुंबईच्या पूर्वेस सहा अंशांहून अधिक दूर असल्याने तेथे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. यास्तव दिनदर्शिकेतील सूर्यास्ताची वेळ कोणत्या शहराची आहे, हे पाहूनच ती स्वीकारावी.

वेळ लावण्याची रीत

प्रथम टायमरचे स्वतःचे घड्याळ अचूक लावावे. बारा तासांचे घड्याळ असल्यास सकाळ व सायंकाळ यांची गल्लत होऊ देऊ नये. अन्यथा दिवे भर दिवसा लागतात. सुरू होण्याची वेळ सूर्यास्तानंतर सुमारे १५ मिनिटांची व बंद होण्याची वेळ सूर्योदयापूर्वी तितक्याच मिनिटांची ठेवणे सोयीचे ठरते. बंद होण्याची वेळ दुसऱ्या दिवशीची असते. म्हणून वार निवडावयाचे असल्यास सातही वार निवडावेत. शेवटी खटका ‘स्वयंचलित’वर आणण्यास विसरू नये.

काही जुन्या टायमरांची घड्याळे वीज जाताच थांबतात व वीज आल्यावर तेथूनच पुढे चालू लागतात. रोज तासभर वीज गेल्यास आठवड्यात सात तासांची चूक साचते. अशा ठिकाणी राखीव बॅटरी असलेला टायमर घेणे हिताचे. सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारे टायमरही मिळतात. मात्र त्यांत दिनांक व गावाचे अक्षांश-रेखांश बिनचूक भरावे लागतात.

दर दोन महिन्यांनी मासिक सभेत या वेळांचा आढावा घेऊन त्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून सूर्यास्ताच्या नोंदी करून घेतल्यास भूगोलाचा पाठ प्रत्यक्षात उतरेल आणि पंचायतीस आपल्याच गावची खात्रीची वेळ मिळेल.